उलटी टांगायची मोटर

बोहरी आळीत साडेअकराला
हुसेनीभाईंनी काउंटरवर तीन मोटरी मांडल्या.
खाली कालचं वर्तमानपत्र,
राशिभविष्याच्या पानावर सव्वातीन हॉर्सपॉवरची,
शेजारी सव्वादोनची,
आणि तिसरी, जिचं नाव तिच्यावरच नीट छापलेलं नव्हतं.

"उचलून बघा मॅडम, वजन हाताला कळू दे."
म्हटलं, हातात धरायचीच नाहीये हो,
टेबलाखाली उलटी टांगायचीय.
हिचा सगळा जन्म शीर्षासनात.
ते हसले नाहीत. मोटर उलटी धरली,
वरून फुंकर मारली.
"मग भुसा हिच्याच नाकात जाणार.
बेअरिंग झाकलेलं बघा. बाकी रंगरंगोटी."

मी मोठीकडे बघत होते. खोटं कशाला बोलू.
"करता काय?"
होमिओपॅथीच्या डॉक्टरांना पेट्या. सागाच्या.
एका पेटीत चौसष्ट खण, सहा मिलिमीटरची खाच,
गोळ्यांच्या बाटल्या उभ्या राहतील एवढ्याच.
"म्हणजे साबुदाणा आणायला ट्रक."

पर्समधून डायल गेज काढलं तेव्हा
मुस्तफा चहाचा ग्लास तोंडाशी धरून थांबला.
शाफ्ट बोटानं फिरवला.
बिननावाचीचा काटा आठ घरं हलला,
मोठीचा दोन,
सव्वादोनचा दीड,
की मला तो दीड दिसावासा वाटला, सांगता येत नाही.

मग विचारायचं ते विचारलं:
मोठ्या बिटाला वेग दहा हजारावर आणता येईल का,
सुरू होताना झटका देते का,
अर्ध्या इंचाचा कॉलेट खोक्यातच येतो की त्याचे वेगळे,
धायरीत सात वाजता दिवे पिवळे पडतात तेव्हा हिचं काय,
आणि पाच वर्षांनी कार्बन ब्रश कोण देणार?
"मी," हुसेनीभाई म्हणाले.
मग जरा थांबून,
"नाहीतर हा मुस्तफा."

टेबल खटावकरांचं.
टूलरूममध्ये बत्तीस वर्षं, मग सांगवीच्या गॅरेजात
चार वर्षं हे एकच टेबल, तेही अपुरं.
मुलानं टेम्पोत घालून दिलं. पैसे राहू द्या म्हणाला,
जागा तेवढी मोकळी झाली.
वर दहा मिलिमीटरची अॅल्युमिनियम प्लेट, मधोमध भोक.
मोजलं तर ऐंशी.
अख्ख्या आळीत ऐंशी घेराची मोटर नाही.
महिनाभर मी त्यांच्याशी मनात भांडत होते:
एवढा मापाचा माणूस, आणि नेमका इथे चुकला?

काल रात्री टॉर्च दातात धरून
पाठीवर झोपून टेबलाखाली शिरले.
प्लेटच्या पोटाला पेन्सिल, बारीक, तिरकं अक्षर:
८६? ८९? ९२?
कंपासनं हलकी आखलेली तीन वर्तुळं, एकात एक,
आणि त्यांच्याखाली
"बघू."

भोक वाढवता येतं.
वाढलेलं परत आवळता येत नाही.
हे मला पेट्या करताना रोज कळतं,
आणि तरी महिना गेला.

सव्वादोनची घेतली. घेर एकोणनव्वद.
दोन जोड्या ब्रश आत्ताच मागून घेतले,
हुसेनीभाईंना ते थोडं लागलं असावं.
दांडेकर पुलाच्या सिग्नलला
ती स्कूटरवर माझ्या पायांशी उभी होती,
सरळ,
बहुधा शेवटचीच.

तीन संध्याकाळी कानस चालतेय.
खालच्या मजल्यावरच्या पोंक्षेबाईंनी एकदा विचारलं,
काय घासता एवढं?
शहाऐंशीची रेघ पहिल्याच दिवशी गेली.
एकोणनव्वदच्या रेघेवर कानस हलकी केली,
दर दहा हातांनी मोटर लावून पाहिली,
अडली, पुन्हा अडली,
मग श्वास सोडल्यासारखी आत बसली.
ब्याण्णवची बाहेर तशीच आहे, पूर्ण गोल.
मोठीचा घेर ब्याण्णव होता.
ती रेघ मी पुसलेली नाही.